चांदोरकरांनी काढलेला शेवटचा दाखला

रघुवीर चांदोरकर २००४ साली नॉटिंगहॅमला मुलीकडे राहायला आले. पुण्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात त्यांची सगळी नोकरी झाली, त्यातली निम्मी हेडक्लार्क म्हणून. पत्नी गेल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नाही आणि मंजिरीने तिकीट पाठवलं. मुलीच्या घरी कायमचं राहू नये अशी त्यांची पक्की समजूत होती. म्हणून ते कायमचे आलेले नव्हते. फक्त परत जात नव्हते.

मंजिरी इथे भूलतज्ज्ञ. जावई दुबईला, वर्षातून दोनदा उगवणारे. नात चैत्राली शाळेत जायच्या वयाची असताना इकडे आलेली, आता सतरा वर्षांची, बॅडमिंटन खेळणारी. चांदोरकरांनी स्वतःकडे तीन कामं घेतली. संध्याकाळचा कुकर, कौन्सिलच्या वारांप्रमाणे कचऱ्याचे बिन बाहेर ठेवणं, आणि चैत्रालीला हॉलवर सोबत. तिला सोबतीची गरज नव्हती. ती त्यांना होती, आणि हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळे त्यावर कधी बोलणं झालं नाही. ते बसमध्ये तिची किटबॅग मांडीवर घेऊन बसत आणि खेळ चालू असताना भिंतीशी बाकावर. गुण कसे मोजतात हे त्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. पण ती हरली की कळायचं.

आम्हा मराठी मंडळींत त्यांची ओळख दाखल्यावरून होती. गणपतीत, चर्चचा हॉल भाड्याने घेऊन आम्ही जेवणावळ करायचो तेव्हा, मठ्ठा संपत आला की कोणीतरी म्हणायचं, "काका, शशीची गोष्ट होऊन जाऊ दे." मग चांदोरकर हात धुऊन येत आणि सांगत.

शशी हा त्यांच्या कॉलेजातला कबड्डीपटू. चढाईला गेला की दोन गडी तरी घेऊन यायचा. दुसऱ्या कॉलेजने त्याला फी माफ, हॉस्टेलची खोली आणि रोजची अंडी देऊ केली, आणि शशी दाखला मागायला आला. प्राचार्यांनी चांदोरकरांना बोलावून एवढंच सांगितलं, "शशीचा दाखला जरा सावकाश." चांदोरकरांना याहून जास्त सांगावं लागत नसे. आधी लायब्ररीचं एक पुस्तक निघालं. ते शशीने आणून दिलं. मग जिमखान्याची जर्सी. तीही आली. शेवटी प्रयोगशाळेतली फुटलेली टेस्ट ट्यूब. शशी आर्ट्सला होता. त्याने प्रयोगशाळेचं दारसुद्धा पाहिलेलं नव्हतं. तिची भरपाई होऊन पावती येईपर्यंत दुसऱ्या कॉलेजची शेवटची तारीख उलटली.

"आर्ट्सच्या मुलाकडून टेस्ट ट्यूब," चांदोरकर म्हणत, आणि एक क्षण थांबत. तिथे आम्ही हसायचो.

चैत्राली २००५ साली साउथहॅम्प्टनच्या बाजूच्या एका युनिव्हर्सिटीत गेली. पहिल्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. तिथल्या टीमची कोच नोकरी सोडून गेली आणि टीम ढेपाळली. आणि चैत्राली मे महिन्यात स्टॅटिस्टिक्समध्ये नापास झाली. बाकी सगळे विषय सुटले होते, या एका विषयाची फेरपरीक्षा ऑगस्टमध्ये होती. दरम्यान नॉटिंगहॅमहून बसने जाता येईल अशा एका युनिव्हर्सिटीच्या कोच, हेलन पिकार्ड, यांनी तिला खेळताना पाहिलं आणि विचारलं, दुसऱ्या वर्षाला आमच्याकडे येशील का. टीम चांगली होती. टीमला स्कॉलरशिप होती. आणि घर जवळ होतं. चैत्राली हो म्हणाली.

जुलैमध्ये एका सकाळी चांदोरकरांनी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता विचारलं, "दाखला काढलास का?"

"आबा, इथे तसं नसतं. ते बोलून घेतात."

"कोण बोलतं?"

"दोन्ही युनिव्हर्सिट्या. एकमेकींशी."

"आपापसात बोलून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही," चांदोरकर म्हणाले. "एका वेळी दोन कॉलेजांत नाव ठेवणं म्हणजे चारसोवीस. आधी तिथलं नाव कमी करायचं, दाखला हातात घ्यायचा, मग इथे पाऊल टाकायचं. आणि तू खेळाडू आहेस. खेळाडूला सुखासुखी कोणी सोडत नाही."

मंजिरीची त्या आठवड्यात रात्रपाळी होती. ती दिवसा झोपलेली असे, आणि दाखला हा वडिलांचा प्रांत असल्याने जागी असती तरी मध्ये पडली नसती. चैत्राली दोन दिवस नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी आबा पँटला इस्त्री करताना दिसले आणि तिने ट्रेनची तिकिटं काढली.

साउथहॅम्प्टनच्या त्या ऑफिसात काउंटरवर एक तरुण मुलगी बसली होती. चैत्रालीने नाव काढायचं आहे म्हणून सांगितलं. मुलीने स्क्रीनवर काहीतरी पाहिलं आणि विचारलं, "नक्की ना? आधी तुझ्या ट्यूटरशी बोलायचंय का? काही घाई नाही."

चांदोरकरांचं इंग्रजी फाइलींवर वाढलेलं होतं, पण एवढं त्यांना कळलं. त्यांनी चैत्रालीकडे पाहून मान हलवली. "बघ," ते मराठीत म्हणाले, "सुरू झालं. मीही असंच म्हणायचो. आधी सरांना भेटून ये."

चैत्रालीने आबांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यावर असा विजय होता की तो मोडणं तिला जमलं नाही. "नक्की," ती म्हणाली.

कागद लगेच हातात आला. यानेच खरं तर चांदोरकरांना शंका यायला हवी होती. त्यांना फक्त एक उणीव दिसली. कागदावर शिक्का नव्हता. त्यांनी तसं सांगितलं. मुलीने दोन ड्रॉवर उघडले, मागच्या खोलीत गेली आणि कुठूनतरी तारखेचा एक शिक्का शोधून तो उमटवला. गोल नव्हता, पण होता. परतीच्या ट्रेनमध्ये चांदोरकर खिडकीतून बाहेर पाहत राहिले, आणि आपल्याला अजून जमतं या विचाराने मधूनमधून चैत्रालीला बिस्किट देत राहिले.

ऑगस्टमध्ये ईमेल आली. चैत्राली आता तिथली विद्यार्थिनी नाही, तेव्हा तिला तिथे फेरपरीक्षेला बसता येणार नाही. तिथल्या दफ्तरी ती स्टॅटिस्टिक्समध्ये नापास होऊन गेलेली मुलगी होती आणि तशीच राहणार होती. चैत्राली दोन दिवस खोलीबाहेर फारशी आली नाही. पण नव्या युनिव्हर्सिटीतल्या प्राध्यापिका समजूतदार निघाल्या. दुसऱ्या वर्षाला ये, म्हणाल्या, हा विषय बरोबरीने आमच्याकडे पुन्हा कर, पुढच्या जूनमध्ये परीक्षा दे.

"पाहिलंत?" चांदोरकर आम्हाला म्हणाले. "दाखला होता म्हणून घेतलं."

सप्टेंबरअखेरीस निवडचाचण्या झाल्या आणि चैत्राली पहिल्या टीममध्ये आली. दुहेरीत तिची जोडी टीमच्या कॅप्टनशी जमली. कॅप्टन शेवटच्या वर्षाची होती, डॅनिएला झिराडकर, लंडनच्या एजवेअरची. चैत्राली घरी तिचं नाव सारखं घेऊ लागली, आणि चांदोरकरांनी बुधवारच्या सामन्यांसाठी बसचं टाइमटेबल फ्रिजवर लावलं.

आता त्या स्कॉलरशिपबद्दल. ती एकेका खेळाडूला नव्हती, सबंध टीमला होती. एका जुन्या विद्यार्थिनीने मरताना पैसे ठेवले होते. त्यातून कोचचा पगार, प्रवास आणि हॉलजवळच्या एका घराचं भाडं निघे. त्या घरात ज्या मुलींना गरज असेल त्या राहत. अट एकच होती. एक नोव्हेंबरला टीममधली प्रत्येक मुलगी मागच्या वर्षाचे सगळे विषय सुटलेली असली पाहिजे. दुसरीकडून आलेल्या मुलीला तिथले विषय तिथेच सोडवून यायला हवं. एक जरी मुलगी अडकली तरी त्या वर्षाची स्कॉलरशिप सगळ्यांचीच थांबे. टीम म्हणजे सगळ्यांनी मिळून पास होणं, असं त्या बाईंचं मत होतं. बाई वारून तीसेक वर्षं झाली होती, त्यामुळे मत बदलण्याची शक्यता नव्हती.

ऑक्टोबरच्या मध्यावर हेलनच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी चैत्रालीला बाजूला घेऊन सांगितलं. चैत्रालीने रविवारी दुपारी जेवताना घरी सांगितलं. मंजिरीने चमचा खाली ठेवला. चांदोरकरांनी ठेवला नाही.

"अडवतायत," ते म्हणाले.

"कोणी अडवत नाहीये, आबा."

"तुला नाही कळायचं. हे माझं काम होतं."

सोमवारी ते टाय लावून एकटेच बसने गेले. हेलन पिकार्ड हॉलमागच्या छोट्या खोलीत होत्या. उंच, पन्नाशीच्या, ट्रॅकसूट घातलेल्या. चांदोरकरांनी ओळख सांगितली. हेलननी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं की चैत्राली सज्ञान आहे, तिच्याबद्दल तिच्या परवानगीशिवाय मी तुमच्याशी बोलू शकत नाही.

चांदोरकरांना हे आवडलं. अडवणुकीची ही नवीन रीत होती, आणि फार सभ्य होती.

"मग कोणत्याही मुलीबद्दल बोलू," ते म्हणाले. "समजा एक मुलगी आहे."

हेलननी थोडा विचार केला. "समजा," त्या म्हणाल्या.

"ती दुसऱ्या युनिव्हर्सिटीतून येते. एक विषय राहिलेला आहे. तिला फेरपरीक्षेला बसू देत नाहीत. का? कारण ती चांगली खेळते."

"त्यांना ती खेळते हे माहीतसुद्धा नसेल. फेरपरीक्षा तिथल्या विद्यार्थ्यांसाठी असते. मुलीने जुलैमध्ये नाव काढलं असेल तर ती तिथली राहत नाही."

"आणि नाव काढलं नसतं तर?"

"ऑगस्टमध्ये परीक्षा दिली असती. पास झाली असती तर सप्टेंबरमध्ये निकाल आपोआप आमच्याकडे आला असता. मग काही प्रश्नच नव्हता."

"आपोआप?"

"ते आम्हाला पाठवतात. आम्ही त्यांना पाठवतो."

बाहेर कोणीतरी जमिनीवर बूट घासत खेळत होतं. "मग तिला अडवलं कोणी?" चांदोरकरांनी विचारलं.

"कोणीच नाही," हेलन म्हणाल्या. "मला वाटतं तिला कोणीतरी चुकीचा सल्ला दिला."

निघताना चांदोरकरांनी आणखी एक समजा विचारलं. समजा, घरातल्या मोठ्या माणसाने नाव काढायला लावलं असेल, तर? हेलन म्हणाल्या, तसं अपील करता येतं. स्कॉलरशिपची कमिटी डिसेंबरमध्ये बसते, कधी कधी ऐकतेही. पण ती मुलगी टीममध्ये आहे आणि अपील चालू आहे, तोवर सगळ्यांची स्कॉलरशिप थांबलेली राहील.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी मंजिरीला एवढंच सांगितलं, की अपील करायचं आहे आणि त्यात दोष माझा म्हणून लिहायचा आहे. दोन दिवस ते जेवणाच्या टेबलावर मसुदा करत बसले होते. वाक्यं जुन्या वळणाची, पण मुद्दा स्वच्छ होता. नातीची जागा राखायची, आणि ती राखताना आपली जन्माची अब्रू जाणार असेल तर जाऊ द्यायची. त्यांच्या हिशेबी ही मोठी किंमत होती. किंमत दुसरंच कोणी देणार होतं, हे त्यांच्या डोक्यात आलेलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी चैत्राली डॅनिएलाला जेवायला घेऊन आली. आधी ठरलेलंच होतं, म्हणून दोघींनी ते मोडलं नाही. चांदोरकरांनी आडनाव ऐकून ताठ होत विचारलं, "झिराडकर? म्हणजे अलिबागजवळच्या झिराडच्या?"

"आजी सांगते," डॅनिएला म्हणाली. "मी पाहिला नाही कधी. आजीसारखा मराठी मला येत नाही, सॉरी."

तिची आजी फ्लोरा भायखळ्याची. एजवेअरच्या घरात मराठी बोलणारी ती एकटीच उरली होती. फोनवर ती डॅनिएलाशी मराठीत बोलायची आणि डॅनिएला इंग्रजीत उत्तर द्यायची. "आम्ही ज्यू. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवारवाले तेली ना," डॅनिएला म्हणाली. "आजी म्हणते कोकणात आमचं तेच नाव. बाबांना तेल नाही, फक्त पाठदुखी आहे." चांदोरकर मनापासून हसले. त्यांनी तिला आमटी वाढली, आणि मग त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला.

"राहतेस कुठे?"

"टीमच्या घरात."

"आणि ते बंद झालं, म्हणजे समजा, डिसेंबरपर्यंत?"

"डॅनी, नको सांगू," चैत्राली म्हणाली.

"ते विचारतात ना." डॅनिएलाने खांदे उडवले. "मग एजवेअर. आजीची बॉक्स रूम, एक पलंग मावेल एवढी. बाबा आजारी, काम नाही. घर दुसरं घ्यायला जमणार नाही."

"आणि कॉलेज?"

"एजवेअरहून रोज कसं येणार, आजोबा? पुढच्या वर्षी बघू मग." तिने भात कालवला. "पण आम्ही तिला जा म्हणणार नाही. आम्ही बोललो सगळ्या. कोणी म्हणणार नाही."

टेबलाच्या टोकाला अपिलाचा मसुदा वर्तमानपत्राखाली होता. चांदोरकरांनी वर्तमानपत्र थोडं सरकवून तो नीट झाकला. आमटीला मीठ जरा जास्त झालंय का, असं त्यांनी विचारलं, आणि दोघीही नाही म्हणाल्या.

डॅनिएला गेल्यावर चैत्राली भांडी विसळत होती. चांदोरकर पुसायला उभे राहिले.

"आबा, अपील नको."

"मी लिहिलंय. चांगलं लिहिलंय. ऐकतील ते."

"डिसेंबरमध्ये ऐकतील."

"तुझं वर्ष जाईल, बाळा."

"माझं एकटीचं जाईल," चैत्राली म्हणाली, आणि पुढची ताटली त्यांच्या हातात दिली.

शुक्रवारी ती हेलनकडे गेली तेव्हा चांदोरकर बरोबर होते. तिनेच या म्हटलं होतं. त्यांनी बसमध्ये विचारलं, टीममधून नाव कमी करायला अर्ज कुणाच्या नावाने करायचा. तिला माहीत नव्हतं. खोलीत गेल्यावर चैत्राली म्हणाली, "हेलन, मी या वर्षी टीममध्ये नाही." हेलन म्हणाल्या, "मला वाईट वाटतं. पण बरं केलंस." त्यांनी फळ्यावरचं तिचं नाव बोटाने पुसलं. चांदोरकर उभेच होते. सही करायला काही पुढे येईल म्हणून त्यांनी पेन काढून ठेवलं होतं.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," हेलन म्हणाल्या.

मग ते इंग्रजीत, पाठ केल्यासारखं म्हणाले, "मॅडम, चूक माझी होती. मुलीने फक्त ऐकलं." हेलननी त्यांचे आभार मानले आणि म्हणाल्या, सांगितलंत हे चांगलं केलंत, पण नियमाला त्याने फरक पडत नाही. चांदोरकरांनी मान डोलावली. हे वाक्य त्यांनी काउंटरच्या दुसऱ्या बाजूने पुष्कळदा उच्चारलेलं होतं. या बाजूने ते प्रथमच ऐकत होते.

स्कॉलरशिप चालू राहिली. डॅनिएला त्या घरात राहिली, जूनमध्ये पास झाली आणि तिच्या पदवीदानाला फ्लोराबाई नऊवारीवर कार्डिगन घालून आल्या. चैत्राली वर्षभर टीमच्या सरावाला जात राहिली, समोरच्या बाजूने खेळायला. सामना असला की तिला बाकावर बसावं लागे. तिच्या शेजारी चांदोरकर. बसमध्ये किटबॅग अजूनही त्यांच्याच मांडीवर असे. तिचं वजन सामना असो नसो सारखंच असतं, असं ते एकदा मला म्हणाले. मला वाटलं पुढे काही म्हणतील. बस आली.

स्टॅटिस्टिक्समध्ये ती चांगल्या मार्कांनी सुटली. पुढच्या सप्टेंबरमध्ये पुन्हा चाचण्या झाल्या. दोन नवीन मुली आल्या होत्या, एक लेस्टरची आणि एक मलेशियाची. चैत्रालीला दुसऱ्या टीममध्ये घेतलं, जिला स्कॉलरशिप नव्हती. कोणी अडवलं नाही. त्या दोघी तिच्यापेक्षा बऱ्या होत्या. चांदोरकरांनी प्रत्येकीचा खेळ सबंध पाहिला आणि घरी येऊन मंजिरीला तसं सांगितलंही.

त्यानंतर आमच्यातल्या कोणी मुलांच्या ॲडमिशनचं त्यांना विचारलं तर ते म्हणत, "तिथे काउंटरवर मुलगी असते. तिला विचारा. ती सांगते." यावर लोकांना वाटे, काका आता थकले.

२००८च्या गणपतीत उल्हास नावाचा एक नवीन मुलगा आला होता, नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. त्याला कोणीतरी सांगून ठेवलं होतं. जेवणं झाल्यावर तो खुर्ची ओढून चांदोरकरांसमोर बसला. "काका, ती टेस्ट ट्यूबची गोष्ट सांगा ना. शशीची."

आम्ही दोघं-तिघं सवयीने वळलो. चांदोरकर पानातलं केळं सोलत होते. ते त्यांनी पूर्ण सोललं.

"त्याचं वर्ष गेलं," ते म्हणाले.

उल्हास हसायच्या तयारीत थांबून राहिला. चांदोरकरांनी केळं खाल्लं, साल पानात ठेवली आणि हात धुवायला उठले. चैत्राली पलीकडच्या टेबलावर पत्रावळी गोळा करत होती. ती त्यांचंही पान उचलायला आली, तेव्हा ते परत येऊन स्वतःच उचलू लागले.